उंबरा बसवलेली लॉरी

॥ श्री ॥
परभणी, ता. २८ ऑक्टोबर १९५८

चि. कोकिळा हिला आईचा आशीर्वाद.

नावामागे 'सौ.' लिहिलं नाही, ते विसरून नव्हे. दोनदा टाक टेकवला आणि उचलला. सहा वर्षांत तुला पहिलंच पत्र लिहीत आहे, तेव्हा निदान खोटं तरी काही लिहू नये.

दिनकररावांचं कार्ड परवा आलं. त्यांचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. ओव्हरसियर माणसाला शोभेल असं आहे, सरळ आणि बारीक. तुला पाचवा महिना लागला, महाशिवरात्रीच्या सुमारास दिवस भरतील आणि धरणाच्या वसाहतीत घरचं म्हणावं असं बाईमाणूस कुणी नाही, एवढ्या तीनच ओळी. 'तुम्ही या' असं लिहिलेलं नाही. कार्ड टाकल्याचं तुला ठाऊक तरी आहे की नाही, कोण जाणे. नसेल तर त्यांच्यावर चिडू नकोस.

पण मी यायचं कसं, ते तूच सांग. तू कचेरीत सही करून लग्न केलंस त्या संध्याकाळी तुझ्या वडिलांनी माझा हात देवाच्या सिंहासनावर ठेवला आणि माझ्याकडून वदवून घेतलं, की तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही आणि तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. तू दारात उभी राहून ऐकत होतीस. मग तूही बोललीस, "आई, या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडायची नाही." तू शपथ घेतली नाहीस, नुसतं बोललीस. पण बोललेलं तू मोडत नाहीस, हे मला तुझ्या चौथ्या वर्षापासून ठाऊक आहे. माझी शपथ ज्यांनी घातली ते दोन वर्षांमागे गेले. असते तर पाया पडून सोडवून घेतली असती. गेलेल्या माणसाकडून शपथ कशी सोडवायची, ते जोशीबुवांनाही सांगता येईना.

त्यांची लॉरी अजून अंगणात उभी आहे, लढाईनंतर हराजात घेतलेली तीच. मोंढ्यातले व्यापारी दोनदा मागून गेले, मी दिली नाही. का दिली नाही ते मलाही सांगता आलं नसतं. आज सकाळी तिच्यावर मूग वाळत घातले. वर चढून पसरताना ऊन लागलं म्हणून ताडपत्री ओढली आणि सावलीत बसून भाकरीही तिथेच खाल्ली. खाता खाता वाटलं, चार बाजूंनी फळ्या आहेत, वर छप्पर आहे, घराला आणखी काय लागतं? तुझ्या घरात यायची मला मनाई आहे. माझं घर तुझ्या दारासमोर आणून उभं करायची मनाई कुणी केली आहे?

उत्तराची वाट बघत नाही. पोस्टमन हल्ली बाराला येतो, एवढं मात्र ठाऊक आहे.

तुझी आई,
नर्मदा

॥ श्री ॥
परभणी, ता. २० नोव्हेंबर १९५८

चि. कोकिळा हिला आशीर्वाद.

दिवाळी झाली. कारल्याची भाजी केली नाही, खाणारं कुणी नव्हतं.

काम सुरू झालं आहे. सुग्रीव सुतार आला, लॉरीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "बाई, माल कोणचा भरायचा हाय?"

"मीच," म्हटलं.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग उंची कमी पुरंल."

आत लांबी अकरा फूट, रुंदी साडेसहा. डाव्या बाजूला पेटीचा पलंग केला आहे, वरची फळी उचलली की खाली खण. एका खणात पीठ-मीठ, दुसऱ्यात धुणं-पांघरूण, तिसऱ्यात तुझं. तुझं म्हणजे डिंक, खारीक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा. पलंग साडेतीन फुटी घेतला. मला एकटीला अडीच पुरला असता.

उजवीकडे पत्र्यावर मातीची चूल आणि शेजारी स्टो. मी परक्याच्या हातचं खात नाही हे तुला ठाऊक आहेच, आणि चार दिवसांच्या सडकेवर फराळावर राहिले तर तुझ्यापर्यंत पोचून उपयोग काय? समोर, ड्रायव्हरच्या पाठीला लागून, देवघर. देवांना मागे ठेवून मी तीस वर्षांत एक मुक्काम कुठे केला नाही, आता तरी कशी करू? तेही येणार.

त्या देवघरानं मात्र आमची फजिती केली. सुग्रीवनं कोनाडा सुरेख बसवला, देव बरोबर पूर्वेकडे तोंड करून. मी हळदकुंकू वाहून नमस्कार करते आहे तोच शेजारच्या सारजाबाई आल्या. त्यांचं नाक तुला आठवत असेल, जिथे काही शिजतं तिथे ते आधी पोचतं.

"छान झालंय, नर्मदाबाई. पर लॉरी वळली की देवांनी कुनीकडं बघायचं?"

लॉरी अंगणात ज्या तोंडानं उभी आहे तेवढंच बघून आम्ही देव बसवले होते. मॅट्रिकला भूगोलात मला चांगले गुण होते, सांगायलाही लाज वाटते.

सुग्रीव म्हणाला, "सडक सरळच हाय की पाथरीपस्तोर."

"आन् पाथरीच्या म्होरं?" सारजाबाई म्हणाल्या. "दक्षिणेला तोंड करून यमाशी बोलत बसायचं का देवांनी?"

रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. तुझ्या आजीचं जातं मागे पडलेलं आहे. सकाळी खालची तळी लॉरीत खिळवून घेतली आणि वरच्या पाळीवर देवघर बसवलं. आता जिथे मुक्काम होईल तिथे सूर्य बघायचा आणि खुंटा धरून देव फिरवायचे. सुग्रीव दहा वेळा फिरवून बघत होता. शेवटी मीच म्हटलं, पुरे, चक्कर येईल त्यांना.

वहीत हा खर्च कुठल्या सदरात घालावा ते कळेना. आधी 'तीर्थयात्रा' लिहिलं, मग खोडलं. 'बाळंतपण' लिहिलं आणि ते राहू दिलं.

आई

॥ श्री ॥
परभणी, ता. १८ डिसेंबर १९५८

चि. कोकिळा हिला आशीर्वाद.

दिनकररावांचं दुसरं कार्ड आलं. वसाहतीपर्यंत लॉरी चढेल असा रस्ता आहे, पण पावसाळ्यात नव्हे, असं कळवलं आहे. खाली तुझी एखादी ओळ असेल म्हणून कार्ड उलटून पाहिलं. पत्ताच होता.

मंगळवारी झरीपर्यंत लॉरी नेऊन आणली. चालवायला लिंबाजीच, तुझ्या वडिलांचा ड्रायव्हर. आता दाढी पांढरी झाली आहे आणि हॉर्नऐवजी तोंडानंच ओरडतो. मी आत पलंगावर बसले. गावाबाहेर पडलो आणि पहिल्या खड्ड्यात पाण्याची घागर कलंडली, दुसऱ्यात तेलाची बरणी पिठात गेली. तिसऱ्यात मी. झरीत जाऊन थांबलो तर देवघर गरागरा फिरून भिंतीकडे तोंड करून बसलेलं.

लिंबाजीनं मागून डोकावलं. "बाई, देवांनी सगळा मुलूख बघून घेतला. आता रुसलेत."

लॉरी रिकामी म्हणून उडते, असं त्यानं सांगितलं. सहा पोती वाळू भरायची, मग ती जमीन धरून चालेल. पोती पलंगाखाली मागच्या अंगाला रचली. फळ्यांना दोन बोटं उंच काठ लावून घेतले. घागर छताच्या कडीला शिंक्यात टांगली, आता लॉरी हलते आणि घागर आपली जागच्या जागी झुलते. देवघराच्या पाळीला आरपार भोक पाडून लाकडी खुंटी केली. निघताना घालायची, थांबलो की काढायची.

झरीत बाभळीखाली उभं राहून पिठलं-भाकरी केली. लिंबाजीला बाहेर वाढलं. मी आत दाराशी बसून खाल्लं. रस्त्यानं बायका जात होत्या, एक म्हणाली, "आगं बया, मोटारीत सौंसार मांडलाय." हसल्या आणि गेल्या. त्यांनी थोडं थांबून बोलायला हवं होतं. माझ्याशी दिवसभरात बोलतं कोण? देव, आणि सारजाबाई. त्यातले देव बरे.

एक गोष्ट राहिली होती, ती परवा झाली. मधल्या दाराची चौकट वाळवीनं खाल्ली म्हणून बदलायला काढली. उंबरा मात्र शाबूत निघाला, जुना साग, काळा कुळकुळीत. टाकवेना. मी सुग्रीवला म्हटलं, लॉरीच्या दाराला बसव.

"बाई, लॉरीला उंबरा? पाय आडखळंल."

"उंबरा नाही तर रांगोळी कुठे काढू? लक्ष्मी कुठून यावी?"

त्यानं डोकं खाजवलं, पण बसवला घट्ट. तोच उंबरा आहे, ज्याच्यावर डाव्या अंगाला तू अडकित्त्यानं खाच पाडली होतीस आणि मार खाल्ला होतास. जोशीबुवांनी आधी वास्तुशांत करायला नको म्हटलं, चाकावरच्या घराला वास्तू नसते म्हणाले. मग मी शिधा दाखवला, तेव्हा असते म्हणाले. नारळ फोडला. पहिल्यांदा उंबऱ्यावर रांगोळी काढली आणि मागे सरून पाहिलं, तर घरच झालं होतं गं, खरं घर.

आई

॥ श्री ॥
परभणी, ता. १६ जानेवारी १९५९

चि. कोकिळा हिला आशीर्वाद.

तिळगूळ वेगळा पाठवते आहे. गूळ घरचाच, बोरीच्या मामांकडचा.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, खोटं काही लिहू नये. खोटं लिहिलं नाही, पण एक गोष्ट गाळली. लॉरी तयार आहे, पलंगावर गादी घातली आहे. ही गोष्ट पोटात ठेवून मला त्या गादीवर झोपता येत नाही.

तुझे वडील गेले त्या दिवशी तू आली होतीस. लोकांनी मला सांगितलं, कोकिळा आली आहे, अंगणात लिंबाखाली उभी आहे, आत येत नाही. मी म्हटलं, तिची मर्जी. सगळ्यांना असंच वाटलं, की मी दुःखात आहे, मला सुचत नाही. मला सुचत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून तुला बघत होते. तुझ्या पायात चप्पल नव्हती. तू दोनदा पदरानं तोंड पुसलंस. तू लॉरीच्या चाकाला टेकून बसलीस, आणि त्यांना बाहेर आणलं तेव्हा उठून उभी राहिलीस.

खिडकीपासून तुझ्यापर्यंत चौदा पावलं. मी नंतर मोजली. माझी शपथ तुझ्या घरात न जाण्याची होती, अंगणात न येण्याची नव्हती. मला कुणी अडवलं नव्हतं. पण तू आत यावंस, तू बोललेलं तू मोडावंस, मी नव्हे, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. नवरा गेलेल्या दिवशी मी लेकीशी हारजीत करत बसले होते.

तू उन्हं कलेपर्यंत थांबलीस. मग सारजाबाईंना सांगून गेलीस. त्यांनी दोन वर्षांत मला एकदाही टोमणा मारला नाही, त्यावरून त्यांना कळलं असावं.

हे पत्र वाचून 'येऊ नकोस' म्हणून कळवलंस तर येणार नाही. काही कळवलं नाहीस तर पंधरा फेब्रुवारीला निघेन.

आई

नगरच्या अलीकडे, सडकेच्या कडेला
ता. १८ फेब्रुवारी १९५९, सकाळी

चि. कोकिळा,

तुझं काही आलं नाही, म्हणून निघाले.

पाथरी, माजलगाव, बीड झालं. काल मागच्या चाकाचा पाटा तुटला, लिंबाजीनं बीडहून लोहार आणला, दिवस तिथेच गेला. लिंबाजी खाली सडकेवर, मी वर, असे आम्ही दोन म्हातारे दिवसभर आपापल्या उंचीवरून बोलत होतो. खुंटी चांगली काम देते. आज देव लॉरीच्या मागच्या दाराकडे तोंड करून आहेत, म्हणजे पूर्व मागे आहे, परभणीकडे. मी फळ्यांची झडप उघडून पश्चिमेकडे बघत बसले आहे.

हे पत्र नगरला पेटीत टाकते. बहुधा माझ्यानंतरच पोचेल.

आई

॥ श्री ॥
हेळवाक, धरणाची वसाहत, तुझ्या दारापासून तीस पावलांवर
ता. २४ फेब्रुवारी १९५९

चि. कोकिळा,

हे पत्र लिंबाजीच्या हातून पाठवते आहे. पोस्टानं पाठवलं तर कऱ्हाडला जाऊन परत येईल.

परवा आपण दोघी बोललो त्यात माझे शब्द राहून गेले, म्हणून लिहिते. लॉरी थांबली तेव्हा तू ओट्यावर उभी होतीस. पोट सांभाळत पायऱ्या उतरलीस. मला वाटलं नव्हतं तू स्वतःहून येशील. तू लॉरीभोवती फिरलीस, चाकांना हात लावलास, वडिलांनी रंगवलेला नंबर पाहिलास. मी वरून फाळका सोडला, लोखंडी पायरी लावली आणि म्हटलं, "ये, वर ये, आत बघ तुझ्यासाठी काय काय केलं आहे."

तू पायरीवर एक पाय ठेवलास. मग तुझी नजर दाराशी गेली, त्या खाचेवर. तुझं बोट त्या खाचेवर गेलं आणि थांबलं.

"आई," तू म्हणालीस, "तू घरच घेऊन आलीस की."

मी खुळी, हसून हो म्हटलं.

"मग मला कसं येता येईल?"

रागानं म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. तू अगदी हळू म्हणालीस, जसं लहानपणी पाटी फुटल्यावर सांगायला यायचीस. मग पाय खाली घेतलास आणि गेलीस.

चार महिने मी एकच दार बघत होते, तुझं. माझ्या लॉरीलाही दार आहे आणि त्यातून कुणी आत यायचं आहे, हे डोक्यातच आलं नाही. सुग्रीव म्हणाला होता, पाय अडखळेल.

दिनकरराव संध्याकाळी आले. बाहेरच उभे राहिले, चाकांकडे बघत. शेवटी त्यांनी विचारलं, "चाकांना दगड लावलेत का? इथे उतार आहे." मी म्हटलं, लावलेत. चांगले आहेत गं ते.

डिंकाचे लाडू त्यांच्याजवळ दिले आहेत. माझ्या शपथेत माझ्या घरचं तू खायचं नाही असं कुठे नव्हतं.

आई

॥ श्री ॥
तिथेच
ता. १० मार्च १९५९

चि. सौ. कोकिळा हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

'सौ.' आज लिहिलं. उशिरा लिहिलं हे खरं.

दवाखान्यातून दिनकरराव धावत आले आणि सडकेवरूनच ओरडले, "मुलगी! दोघी ठीक!" त्याला आज अकरा दिवस झाले. मी देवापुढे साखर ठेवली, लिंबाजीला दिली, उरलेली माझ्या तोंडात घातली. नातीला अजून जवळून पाहिलं नाही. आवाज ऐकते. तिचा भुकेचा आवाज निराळा आणि झोपेचा निराळा, एवढं तीस पावलांवरून कळायला लागलं आहे.

तुझी न्हाऊ घालणारी बाई बाळाला न्हाणीच्या दारातच घेऊन बसते, म्हणून इथून दिसतं. पाणी थेट टाळूवर ओतते ती. डोळ्यांवर हात आडवा धरत नाही. काल मी इथून ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. त्या दिवशी लिंबाखाली तू उन्हं कलेपर्यंत उभी होतीस, त्याच्यापुढे माझे हे अकरा दिवस कितीसे?

आज सकाळी लिंबाजीला पहार आणायला सांगितलं.

"कशाला, बाई?"

"उंबरा काढायचा आहे."

"सुग्रीवनं बसवलाय त्यो. निघायचा न्हाई."

"निघेल."

तो खालून रेटत होता, मी आतून खिळे उपटत होते. तासभर लागला. निघताना असा आवाज झाला की तुमच्या शेजारची बाई बाहेर आली. तू आली नाहीस, पण खिडकीची झडप हलली. खिडकीच्या फटीतून बघणं मला ओळखता येतं.

तळहाताला फोड आला आहे, म्हणून अक्षर असं. मी विचार करून काढला आहे, रागानं नव्हे. देव आत आहेत तोवर हे घरच, असं तुला वाटेल. पण देवाची तसबीर तर प्रत्येक मोटारवाल्याच्या डोक्यावर असते, त्यानं मोटारीचं घर होत नाही. उंबऱ्यानं झालं होतं. तू उंबऱ्याबद्दल बोलली होतीस, तो आता नाही. आता ही नुसती तुझ्या वडिलांची लॉरी आहे. लहानपणी तू हिच्यात शंभरदा चढली होतीस. तू बोललेलं तुला मोडावं लागणार नाही. माझी शपथ माझ्यापाशी राहू दे, ती मी इथेच बसून पाळीन.

उंबरा चुलीत घातला नाही, साग आहे. वसाहतीतल्या सुताराकडून मधोमध कापून घेतला, दोन्ही तुकडे शेजारी जोडले आणि खाली पाय ठोकले. बसायचा पाट झाला आहे, बुटका, न्हाऊ घालणारीनं बसून पाय लांब करावेत असा. खाच तशीच आहे, डाव्या कोपऱ्यात. रंधा मारायचा नाही म्हणून सुताराला आधीच बजावलं होतं.

उद्या बारसं. त्याच्या आधी तिला न्हायला हवं. पाणी माझ्या घागरीतलं, मी नदीवरून आणलेलं, चुलीवर ठेवलं आहे. तेल कोमट केलं आहे. फाळका सोडला आहे, पायरीला लिंबाजीनं पोतं गुंडाळलं आहे, टाके ओले असतील तुझे. बाळाला दिनकररावांच्या हातात दे आणि तू आधी चढ.

पाटावर बसले आहे. पाय लांब केले आहेत.

आई